आमच्या घरातले चार ठिपके

आमच्या घरात कोणी हरवत नाही. मी, बायको, आई आणि मुलगी जानकी. चौघांच्याही फोनवर, नकाशात, चौघांचे हिरवे ठिपके दिसतात. (सोय माझीच! मी कुंभकोणमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे घरातली यंत्रंही माझ्याकडे.)

त्या दिवशी वर्गात भयाण भविष्याच्या कादंबऱ्या चालल्या होत्या. एका राज्यात पोरंच आईबापांच्या चुगल्या करतात. दुसऱ्यात आईबापच नाहीत, मुलं बाटल्यांत वाढतात! "तिथे कुटुंब म्हणजे पोलीसचौकी, नाहीतर कुटुंब हाच गुन्हा. आपण किती सुदैवी!" असं म्हणून मी टेबलावर मूठ आपटली. तेवढ्यात फोन थरथरला. भर दुपारी जानकीचा ठिपका ती नोकरी करते त्या बँकेतून निघून जवळच्या स्वामीमलैच्या देवळात पोहोचला होता.

मी पोटदुखीचं सोंग करून वर्ग सोडला आणि रिक्षा केली. परतीच्या बसमध्ये ती सापडली. शेजारी एक तरुण! मी मागच्या बाकावर पेपराआड बसलो आणि बायकोला फोन लावला. आमच्याकडे घराबाहेर सगळं तमिळ. मराठी राजांबरोबर इथे आलेली आमची मराठी पिढ्यान्‌पिढ्या फक्त घरातली, बाहेर कुणाला कळते? म्हणून खुशाल मोठ्याने बोललो; पुढे बसलेल्या जानकीला ती कळते, हे रागाच्या भरात विसरलोच.

"बाजूलाच बसलाय!"

"अय्यो! दिसतो कसा?"

"दांत पुढें. नोकरी असेल असें वाटत नाहीं."

"आपल्यांतला आहे काय?"

"छे! आपल्यांतला एवढा गबाळा असेल काय?"

तरुण वळला. "नोकरी आहे, मामा," तो आमच्याच जुन्या घरगुती मराठीत नम्रपणे म्हणाला. "आडुतुरैला, भाताच्या संशोधनांत."

अख्ख्या कुंभकोणमात मराठी घरं ती किती, आणि मला नेमका हाच मिळावा! जानकीने मात्र मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी आनंदीआनंद. "आपल्यांतलाच की! मुहूर्त काढा!" आई म्हणाली.

"अप्पा, आज रात्रीं मीच सांगणार होतें," जानकी म्हणाली. "तुम्हीं माझ्यासाठीं तेवढेंही ठेवलें नाहींत."

पुढच्याच महिन्यात तिने चेन्नैला बदली मागून घेतली. लग्न कुठे, कधी, काही कळवलं नाही. आणि जाताना फोन तिच्या खाटेवर ठेवून गेली.

मी तो रोज चार्ज करतो. ठिपका विझला तर बायको रडते. आत्ताही बघा, चारही ठिपके एकाला एक चिकटून आहेत. एवढे एकत्र आम्ही कधीच नव्हतो!