डॅशबोर्डवरचं कुंकू

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा होते, तेव्हा डॅशबोर्डवरच्या रेडिओलाही कुंकू लागतं. आप्पांनी तरुणपणी हौसेने घेतलेली ही बुटकी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार. तिचा रेडिओ आधी खरखरायचा, मग गायचा. त्याच्या बटणाच्या खाचांत वर्षानुवर्षांचं कुंकू साचलं होतं.

यंदा तिथे काळी काच चकाकत होती. दादाने आप्पांना न विचारता लाकडी डॅशबोर्ड कापून टचस्क्रीन बसवला होता.

"रेडिओ कुठाय?" मी विचारलं.

"दिला भंगारात. नुसता खरखरायचा."

माझं डोकंच फिरलं. खरखरायचा म्हणे! आप्पाही बोलण्याआधी खाकरतात; उद्या त्यांचा गळा बदलणार का? ज्याची वस्तू त्याला विचारायचं नाही, आणि वर उपकार केल्याचा तोरा!

आप्पांनी सवयीने कुंकवाचं बोट पुढे केलं.

"आप्पा, स्क्रीनला नको! डाग पडेल!" दादा ओरडला.

बोट हवेतच थांबलं. स्वतःच्याच गाडीत आप्पा पाहुण्यासारखे अवघडून बसले होते.

मी वाकून ते बोट धरलं आणि काचेच्या मधोमध चांगलं दाबून टेकवलं.