चोराची मिशी

एकाहत्तर साली मी राहुरीजवळच्या एका साखर कारखान्यात कारकून होतो. शेजारच्या टेबलावरचा मित्र आणि मी, दोघंही कचेरीतल्या भित्तिपत्रकासाठी हौसेनं चित्रकथा काढायचो. एकदा मी त्याला म्हणालो, "तुझी सगळी माणसं हात मागं बांधून उभी असतात. तुला बोटं काढता येत नाहीत, हे लगेच कळतं."  आठवड्यानं डबा खाताना तो म्हणाला, "तुझा चोर आणि फौजदार सारखेच दिसतात. कोण कुणाला पकडतंय तेच कळत नाही."

झोंबलं, पण पटलं. पुढच्या भागात मी चोराला झुपकेदार मिशी आणि ढेरी दिली. सोमवारी भित्तिपत्रकाच्या फळ्यापुढं गर्दी झाली. शिपाई म्हणाला, "चोर लई वळखीचा वाटतोय." तेवढ्यात आमचे साहेब आले, आणि मला त्यांची मिशी दिसली. ढेरीही. शपथेवर सांगतो, काढताना ते माझ्या मनातसुद्धा नव्हते.

साहेबांनी चष्मा लावून कथा शेवटपर्यंत वाचली. "झकास!" ते म्हणाले. "हा चोर म्हणजे अगदी आपले गोदामवाले." आणि खुशीत निघून गेले. मित्र हसता हसता पायरीवरच बसला.