आमच्या पेटीत जाहिराती टाकू नयेत

आमच्या पत्रपेटीवर मी ‘जाहिराती टाकू नयेत’ असा स्टिकर लावला, आणि पुढच्या महिन्याभरात आमच्या घरातल्या जाहिराती तिप्पट झाल्या.

स्टिकर लावण्याची कल्पना माझी नव्हे, आमच्या कन्येची, मैत्रीची. तिच्या शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प चालू होता. एका मंगळवारी ती पेटीतून सोफ्यांची, चिकनची आणि लॉन कापायच्या यंत्रांची पत्रकं कवेत घेऊन आत आली आणि म्हणाली, “डॅड, वी गेट हीप्स ऑफ जंक मेल. डू यू इव्हन केअर?” मुलीने असं विचारल्यावर कुठला बाप गप्प बसेल? मी न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चमध्ये इमारतींचं बांधकाम तपासणारा इंजिनियर आहे. मी पाणसळ लावून स्टिकर चिकटवला. (हो, स्टिकर! पाणसळ लावून! बायको, सुजाता, खिडकीतून बघत होती. तिने पडदा ओढून घेतला.) तेवढ्यावर न थांबता मी आणखी स्टिकर छापून आणले आणि गल्लीतल्या सगळ्या पेट्यांत टाकले. म्हणजे, जाहिराती टाकू नका हे सांगणारे कागद मी न विचारता लोकांच्या पेट्यांत टाकले. त्यातला विनोद तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. गल्लीत एकानेही तो स्टिकर लावला नाही.

आई तेव्हा आमच्याकडेच होती, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली. पुढच्या मंगळवारी ती खिडकीत उभी राहून वाट बघत होती.

“आज पेपर नाही आला?”

“आई, ते पेपर नव्हते गं. जाहिराती होत्या. मी बंद केल्या.”

“काहून? कागदच होता ना?”

मी तिला झाडांविषयी एक छोटंसं भाषण दिलं. जंगलं, कारखाने, कचऱ्याचे ट्रक, सगळं आलं त्यात. आईने ते शांतपणे ऐकलं. ऐकता ऐकता शेवटच्या उरलेल्या पत्रकावर, बरोबर एका सोफ्याच्या डोक्यावर, तिची मेथी निवडून झाली. मग ती उठली आणि भजी निथळायला किचन टॉवेलचा अख्खा रोल उलगडू लागली.

“आणि हा कशाचा बनते?” तिने विचारलं.

मला ऑफिसचा एक फोन करायचा होता, तो मी लगेच केला.

पंधरा दिवसांत सुजाताने हिशेब माझ्यासमोर ठेवला. “नितीन, तुझी झाडं वाचली असतील, पण आपले पेपर टॉवेल संपलेत. आईंना निवडायला, निथळायला, डब्यांखाली घालायला, सगळ्याला कागद लागतो. सगळ्याला!”

यावर मी काही उपाय करणार तेवढ्यात तो प्रश्न आपोआप सुटला. एका संध्याकाळी घरी आलो तर डब्यांखाली नवीकोरी पत्रकं. बुटांच्या कपाटात पत्रकं. चिवड्याच्या परातीखाली पत्रकं, आणि त्यावर त्याच आठवड्याची अर्ध्या किमतीतली कोकराची तंगडी! मी पेटी उघडून पाहिली. रिकामी. स्टिकर जागेवर होता आणि अगदी सरळ होता.

“आई, हे कागद कुठून आले?”

“येते ना बाप्पा.”

“आपल्या पेटीत कोणी टाकतं का मंगळवारी?”

“आपल्या पेटीत? नाही. कोणीच काही नाही टाकत.”

आता मला खरोखरच चैन पडेना. ऑफिसात इमारतीच्या आकडेमोडीत डोकं घालावं तर मधेच कोकराची तंगडी आठवायची. रिकाम्या पेटीतून घरात कागद येतो कसा? सगळ्या शक्यता तपासून मी इंजिनियरला शोभेल असा निष्कर्ष काढला. पत्रकं वाटणारा माणूस स्टिकर न जुमानता कागद टाकतो, आणि माझी भोळी आई त्या गरिबाला पाठीशी घालते. मी वाटप कंपनीला ईमेलने तक्रार केली. कागद वाढले. मी फोटो जोडून दुसरी तक्रार केली. कागद आणखी वाढले. तिसऱ्या तक्रारीत मी ‘भावी पिढ्या’ हे शब्द वापरले.

शनिवारी सकाळी दार वाजलं. बाहेर सत्तरीचा एक उंच माणूस, थंडीत हाफ पँट घालून, हातात चाकांची छोटी गाडी घेऊन उभा.

“मी बॅरी. पत्रकं वाटतो. तूच का तो तक्रारवाला?”

“हो,” मी म्हणालो. एवढं बोलतानाच माझा आवाज बारीक झाला.

“मेट, तुझ्या पेटीत मी एक चिटोरं टाकलेलं नाही. स्टिकर दिसतो मला. फार सरळ लावलायस. पण ऑफिस म्हणतं, आणखी एक तक्रार आली तर ही फेरी दुसऱ्याला देऊ.” तो गाडीच्या दांड्याकडे बघत होता. “पैशाचं एवढं नाही रे. बायको गेल्यापासून मंगळवारी घराबाहेर पडायला मला एवढंच एक कारण आहे.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. (भूकंप सोसलेल्या ख्राइस्टचर्चमध्ये हे वाक्य जपून वापरावं लागतं, पण दुसरं सुचत नाही.) आई तेव्हा आंघोळीला गेली होती, नाहीतर सगळा उलगडा तिथेच झाला असता. मी बॅरीला शब्द दिला की खरा गुन्हेगार मी स्वतः पकडून देईन. त्याने हात मिळवला आणि “स्वीट अ‍ॅज”, म्हणजे ‘झकास’, म्हणून गेला, पण त्याच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही.

मंगळवारी मी अर्धी सुट्टी टाकली. गल्लीच्या टोकाला गाडी लावली, टोपी कपाळावर ओढली आणि सीटमध्ये खाली सरकून बसलो. बॅरी आला. घरोघर पत्रकं टाकत गेला. आमच्या पेटीपाशी थांबला, स्टिकरला चक्क सलाम ठोकला आणि पुढे निघाला. माणूस खरा होता!

मग आमच्या घराचं दार उघडलं.

आई बाहेर आली. सुती साडी, वर माझं फुगीर जॅकेट, पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. एका खांद्याला रिकामी पिशवी, दुसऱ्याला भरलेली. ती शेजारच्या घरी गेली. शेजारीण बाहेर आली, तिने पेटीतून पत्रकं काढून आईच्या हातात दिली. आईने भरल्या पिशवीतून दोऱ्याने बांधलेली एक पुडी काढून तिला दिली. पुढचं घर. पत्रकं आत, पुडी बाहेर. त्याच्या पुढचं घर, तेच. आमच्या नागपूरला रद्दीवाला दारात येतो आणि रद्दीचे पैसे मोजून जातो. इथे लोक कागद फुकटात पिवळ्या झाकणाच्या रीसायकलिंगच्या डब्यात टाकतात हे आईला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. तिने गल्लीत रद्दीचा व्यवहार सुरू केला होता, आणि मोबदला होता चिवडा! तोही मागच्या मंगळवारच्या पत्रकांत बांधलेला.

कोपऱ्यावरून परत येणारा बॅरी तिच्यासमोर थांबला आणि मोठ्याने म्हणाला, “जय भीम, आई!”

“किया ओरा, बॅरी!” आईने इथल्या माओरी भाषेत नमस्कार केला आणि त्याला दोन पुड्या दिल्या.

मी थक्क होऊन बघत असताना काचेवर टकटक झाली. एक गोरी बाई माझ्याकडे रोखून बघत होती. मी काच खाली केली.

“काही काम आहे का तुमचं? बराच वेळ तुम्ही त्या बाईंवर नजर ठेवून आहात. आम्ही सगळे त्यांना ओळखतो, बरं का.”

“मी त्यांचा मुलगा आहे.”

“मग मी तुम्हाला कधी पाहिलं कसं नाही?”

मी आठ वर्षं त्या गल्लीत राहतो! पण या शहरात माणूस गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून गॅरेजमध्ये. बाईंना माझी गाडी ओळखीची निघाली, मी नाही. त्यांनी आईला हाक मारून खात्री करून घेतली.

आई आली. “गाडीत काहून लपून राहिला? उतर, पिशवी उचल.”

“आई, तू मला सांगितलं का नाहीस?”

“तू पेटीचं विचारलं. मी पेटीचं सांगितलं. आणि हे कागद छापून आलेच होते ना? वाया जाण्यापेक्षा मी वापरले. तुझं ते भाषण मी नीट ऐकलं होतं.”

त्या भल्या म्हाताऱ्याची फेरी मी जवळजवळ घालवली होती आणि मला मनापासून लाज वाटत होती. मी तिथेच, पिशवी खांद्याला लावून, बॅरीची माफी मागितली. संध्याकाळी कंपनीला लिहिलं की तिन्ही तक्रारी मागे घेतो, बॅरी निर्दोष आहे, कागद माझ्या आईने आणले. उत्तर आलं, “कळवल्याबद्दल आभार. आईंना शुभेच्छा.” बॅरीची फेरी वाचली. मैत्रीने हे सगळं शाळेच्या प्रकल्पात ‘रीयूज’ या मथळ्याखाली लिहिलं आणि वर आईचा फोटो चिकटवला. माझ्या स्टिकरचा त्यात उल्लेखही नव्हता.

बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम झाल्यावर आई नागपूरला परतली. तिला निरोप द्यायला अर्धी गल्ली आली होती. ते बघून माझेही डोळे भरून आले. पण मनात कुठेतरी मी म्हटलंच, चला, आता जाहिराती बंद.

पुढच्या सोमवारी बघतो तर काय, गल्लीतल्या प्रत्येक पेटीवर माझा स्टिकर! मी अक्षरशः उडी मारली. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा प्रत्येकाखाली पेनने एक ओळ वाढवलेली दिसली, ‘आईच्या घरी द्याव्यात.’

तेव्हापासून दर मंगळवारी बॅरी अख्ख्या गल्लीची पत्रकं गाडीत घालून आमच्या दारात आणतो, गठ्ठा माझ्या हातात देतो आणि उभा राहतो. व्यवहार म्हणजे व्यवहार! त्यामुळे दर सोमवारी मी पोहे भाजतो, शेंगदाणे तळतो आणि पुड्या बांधतो. मागच्या मंगळवारी त्याने तिथेच पुडी सोडली, मूठभर चिवडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला.

“मेट,” तो गंभीरपणे म्हणाला, “तक्रार करावी लागेल.”

मी हसलो. तो गेला. दहा मिनिटांत नागपूरहून फोन आला.

“काहून रे,” आई म्हणाली, “शेंगदाणे कमी टाकून राहिला म्हणते?”