रान आजींना पूर्व सांगितली

दांग चाओश्या आमच्या शीआनच्या तटाच्या आत जन्मली, आत वाढली, आणि तिचं चाललं तर तटाच्या आतच डोळे मिटेल. बाप हातगाडीवरून कोळशाच्या वड्या घरोघर पोचवायचा. ती सूतगिरणीत लागली, गिरणी बंद पडली, तेव्हा पस्तिशीत पोपटासारखी राजघराणी पाठ करून गाईड झाली. मी तिच्या बसचा ड्रायव्हर. आमचं दिवसाला एकदा भांडण होतंच, नाही झालं तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटतं.

आमच्या गावातला माणूस डावं-उजवं बोलत नाही. रस्ते दोरी लावून आखलेले, त्यामुळे दिशा अंगातच मुरलेल्या. चाओश्याचं तर विचारू नका. जेवताना मला म्हणते, "छिनदादा, तुझ्या उत्तरेच्या गालाला शीत चिकटलंय." नवऱ्याला पलंगावर म्हणायची, जरा दक्षिणेला सरक. तो बिचारा शेवटी कायमचाच सरकला, पण त्याची कारणं वेगळी.

त्या दिवशी छोंगछिंगहून आलेली पेन्शनर मंडळी होती. डोंगरातली माणसं, बोलणं मिरचीसारखं. सकाळी घंटाघर, नगारखाना, शिलालेख असं सगळं झालं. दुपारी मटणाच्या रश्श्यात रोटी कुस्करून खायला बसलो. त्यांच्यातल्या रान आजींनी जेवणाआधी साखरेच्या आजाराचं इंजेक्शन घेतलं, आणि मग मटणाच्या वासानं वाडगा तसाच सरकवला. मुलगी पेइयुन म्हणाली, "आई, दोन घास तरी खा." आजी म्हणाल्या, "तुमचं ते मेंढरू तुम्हीच खा." सगळे हसले, मीही हसलो.

मग दक्षिण दरवाज्यानं तटावर चढलो. जुलैचं ऊन, वर झाडाचं पान नाही. चाओश्यानं झेंडा उंच करून सांगितलं, "मोकळेपणानं फिरा. चार वाजता पूर्वेच्या जिन्यानं खाली या. चुकलात तर पूर्वेकडे चालत राहा, मी भेटेनच." आजींनी मान डोलावली. पाहुणा माणूस मान डोलावतोच, त्याला समजलं असं आपण समजायचं. पेइयुन सायकल भाड्यानं घ्यायला रांगेत उभी राहिली. आजींचा फोन बसमध्ये चार्जिंगला लावलेला.

चार वाजले. सगळे उतरले, आजी नाहीत.

पहिल्यांदा कुणी घाबरलं नाही. मग पेइयुननं इंजेक्शनचं सांगितलं. पोटात अन्न नसताना ते घेतलं की साखर उतरत जाते, माणूस आधी गोंधळतो, मग बेशुद्ध पडतो, आणि वेळेत गोड मिळालं नाही तर संपलंच. हे ऐकून चाओश्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती जिना चढून पूर्वेकडे धावत सुटली. मागून मी, धापा टाकत. प्रत्येक बुरुजाच्या सावलीत वाकून पाहिलं, सायकलवाल्यांना अडवून विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. तिकडे चौकीतल्या माणसानं भोंग्यावर घोषणा लावली होती, रान आजींनी दक्षिण दरवाज्याच्या पूर्वेकडील चौकीत यावं. तीच ती घोषणा, पुन्हा पुन्हा. माझं डोकं उठलं.

परत आलो तर पेइयुन चाओश्याच्या अंगावरच आली. "पूर्व, पूर्व, काय लावलंय तुम्ही? आमच्याकडे कुणी पूर्व म्हणत नाही. मला स्वतःला पूर्व कळत नाही, तर आईला कुठून कळणार?"

चाओश्यानं झेंडा खाली केला. एवढी वर्षं हिचा झेंडा खाली आलेला मी पाहिला नव्हता.

मग ती अगदी हळू म्हणाली, "ताई, मला शिव्या नंतर घाला. तुमच्या गावी आई वाट कशी शोधतात?"

"शोधायची काय? वर जा, खाली उतर, एवढंच असतं. चुकलं तर खाली उतरत जायचं. खाली नदी असते, नदीवर माणसं असतात."

"खंदक," चाओश्या म्हणाली, आणि झेंडा टाकून पळाली.

तटाबाहेरच्या खंदकाचं पाणी वरून दिसतं, आजी मिळेल त्या जिन्यानं तिकडेच उतरल्या असणार, हे मला पेइयुनचं ऐकेपर्यंत सुचलंच नव्हतं. मी बसमधली माझी संत्र्याच्या सरबताची बाटली उचलली आणि तिच्या मागे लागलो. पूर्वेचा तट आम्ही पालथा घातला होता, म्हणून खंदकाच्या काठानं पश्चिमेकडे निघालो. काठावर म्हातारे गात बसले होते, झांजा कडाडत होत्या. चाओश्या एकेकाच्या कानाशी जाऊन विचारत होती आणि कुणालाही काही ऐकू येत नव्हतं. मला त्या झांजा हिसकावून पाण्यात फेकाव्याशा वाटल्या.

पुढे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. अगदी शेवटच्या पायरीवर रान आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम, डोळे अर्धे मिटलेले. चाओश्यानं हाक मारली, त्यांनी नुसतं हूं केलं. "शुद्ध आहे, गिळता येईल," ती म्हणाली. तिनं आजींना छातीशी धरून बसवलं आणि सरबत ओठांशी लावलं. घाईत निम्मं आजींच्या गळ्यावर सांडलं. मी बाटली धरली. एक घोट गेला. मग दुसरा. तेवढ्यात पेइयुन पोचली आणि आईचे पाय चोळत बसली.

बऱ्याच वेळानं आजींच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग पेइयुनकडे, मग चाओश्याकडे. ती घामानं निथळत होती, एका पायात चप्पल नव्हती, केस सुटलेले. आजींनी ओला हात उचलून तिच्या गालाला लावला.

"अगं पोरी, काय ही दशा. वाट चुकलीस का तू?"

"हो आजी," चाओश्या म्हणाली, "मीच चुकले." आणि माझ्यासमोर कधी न रडलेली ती बाई आजींच्या मांडीत डोकं खुपसून ओक्साबोक्शी रडली.