साहेबांच्या पोटातून फुटलेलं बिंग

आमच्या आत्याच्या प्रेमाची बातमी पहिल्यांदा एका कुत्र्याच्या पोटातून बाहेर आली. थट्टेचा मला नाद आहे हे खरं, पण ही गोष्ट मोजूनमापून सिद्ध झालेली आहे, आणि मोजणारी स्वतः आत्याच होती.

आत्या औषधांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. पोटातलं ॲसिड कमी करणारी औषधं माणसाला देण्याआधी जनावरांवर तपासतात, त्या खात्यात. तिच्या वाट्याला आलेल्या कुत्र्याला सगळे साहेब म्हणत. तपकिरी अंग, लांब कान आणि चेहऱ्यावर कायम सही करायची राहून गेल्याची चिंता. साहेबांच्या पोटाला ऑपरेशन करून एक छोटी नळी बसवलेली होती. सकाळी उपाशीपोटी साहेब कापडी झोळीत चार पाय खाली सोडून उभे राहत. नळीचं बूच काढलं की पोटातला रस काचेच्या भांड्यात थेंबथेंब पडे. आत्या त्या रसात ॲसिड मारणारं द्रावण थेंबाथेंबाने सोडायची आणि रंग गुलाबी झाला की थांबायची. द्रावण जास्त लागलं म्हणजे ॲसिड जास्त, इतकं सोपं.

मला हा प्रकार आवडायचा नाही. "त्याला दुखत नाही का गं?" असं मी तिला घरी रोज विचारायचो.

"झोळीत घोरतो तो," आत्या म्हणायची. "तू गादीवर तरी घोरतोस का असा?"

आत्याचं वय तेव्हा पंचेचाळीस. लग्नाचा विषय घरात कधीच मिटलेला. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, अभिमानाने सांगत की आमची ताई म्हणजे सरळ रेघ. बाबांना माणसं ओळखता येत नाहीत हे मी तेव्हापासून सांगत आलोय.

तर नवीन औषध आलं. ते दिल्यावर साहेबांचं ॲसिड झरझर खाली यायचं आणि सगळे खूश व्हायचे. पण सकाळ अर्धी सरली की ते पुन्हा उसळी मारायचं. रोज, ठरल्यासारखं. खात्याच्या प्रमुख डॉक्टरीणबाई हैराण झाल्या. औषध कुचकामी ठरलं तर दोन वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं. त्या शेवटी खुर्ची टाकून साहेबांसमोर बसल्या, आणि एका सकाळीच त्यांना चोर सापडला.

जनावरांच्या खाद्याच्या गोण्या घेऊन एक माणूस रोज त्याच वेळी यायचा. उंच, विधुर, कमी बोलणारा. त्याच्या हातगाडीचं एक चाक करकरायचं. ती करकर व्हरांड्यात सुरू झाली की साहेबांचे कान उभे आणि खाली थेंबांची टपटप. उपाशी कुत्रा, दाराशी खाद्य. तोंडाला पाणी सुटतं तिथे पोटाला का सुटू नये?

"त्यांना सांगा, उद्यापासून दुपारी मागच्या दाराने या," डॉक्टरीणबाईंनी आत्याला फर्मावलं.

आत्याने सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि गाडी वळवून गेला. त्या दिवशी आत्याचा डबा तसाच घरी परत आला. आईने विचारलं तर म्हणे, भूक नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण आमची आई डोळे उघडे ठेवून ओट्यापाशी उभी असते.

दुसऱ्या दिवशी ना गाडी, ना करकर. ॲसिड खाली गेलं आणि खालीच राहिलं. मग ती वेळ झाली. आत्याने दाराकडे एकदा पाहिलं, कानामागे बट सारली, आणि झोळीतून टपटप सुरू झाली. आत्या रसात द्रावण सोडत राहिली, सोडत राहिली, गुलाबी रंग काही येईना. आला तेव्हा आकडा तिलाच वाचून दाखवावा लागला. तिचा आवाज म्हणे चिमणीएवढा झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या दिवशी आत्याला दुसऱ्या खोलीत बसवलं आणि साहेबांपाशी दुसरी बाई उभी केली. दिवसभर ॲसिड शहाण्यासारखं खाली. चौथ्या दिवशी आत्या परत आली, तशी ती उसळीही परत.

बाईंनी चष्मा काढला. "कुत्र्याला गाडीची काही पडलेली नाही हो. तो तुमच्या तोंडाकडे बघतो. तुम्हाला कुणीतरी येणार असं वाटलं, की त्यालाही वाटतं."

आत्या नळीला बूच लावू लागली.

"औषध चांगलं आहे. पण तुमचं असंच चालू राहिलं तर मला तुम्हाला या कामावरून काढावं लागेल. साहेबांना सोडून राहवेल तुम्हाला?"

राहवणार नव्हतं. आणि उठून त्या माणसापाशी काही बोलायचं, तर इतक्या वर्षांत ती कुणापाशीच बोललेली नव्हती. दुपारी ती मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तो गोण्या उतरवत होता.

"तुमच्यामुळे आमचा प्रयोग बिघडतोय," ती म्हणाली.

"मी तर आता सकाळी येत नाही."

"तेच. तरीही बिघडतोय."

त्याने गोणी खाली ठेवली. चाकाकडे बघत म्हणाला, "तेलाची बाटली केव्हाची गाडीतच आहे. मीच घालत नव्हतो. म्हटलं, निदान आल्याचं तुम्हाला कळावं."

आत्या हसत सुटली. खाद्याच्या गोणीवर बसून, पदर तोंडावर धरून, इतकी हसली की आतून डॉक्टरीणबाई बघायला आल्या आणि काही न विचारता परत गेल्या.

लग्न झालं. बाबा महिनाभर 'सरळ रेघ, सरळ रेघ' पुटपुटत हिंडले. तो गोणीवाला, म्हणजे आता आमचे काका, आत्याला रोज सकाळी आपल्या खाद्याच्या टेम्पोतून कामावर सोडू लागले, त्यामुळे दाराकडे बघायचं काही कारण उरलं नाही, आणि साहेबांचं ॲसिड जे खाली बसलं ते बसलंच. प्रयोग पार पडला. नळी काढून, जखम भरल्यावर, साहेब निवृत्त होऊन आत्या-काकांच्याच घरी राहायला गेले. मला फार आनंद झाला, आणि तो मी लपवला नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. आत्या म्हणते, "आता कसलं रे काय. येतात, जेवतात, पेपर वाचत झोपतात. माझं लक्षही नसतं."

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. साहेब म्हातारे झालेत, दोन्ही कानांनी ठार बहिरे. आत्या माझ्यापुढे कांदा चिरत काकांच्या तक्रारी सांगत होती. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा आवाज आला. आत्या बोलायची थांबली नाही, मानही वळवली नाही. साहेबांनी पायांवरचं डोकं उचललं, तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि उठून हळूहळू दाराशी जाऊन उभे राहिले.