तपासणीत विचारलेले नाव

मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या सभागृहात ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीची तपासणी होती. पत्नीला घेऊन गेलो. आदल्या आठवड्यात तिने शेजाऱ्यांच्या दाराची कडी आपलीच समजून काढली होती आणि त्यांच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. शेजारी हसले. मला हसू आले नाही.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने तीन शब्द सांगून ते लक्षात ठेवायला बजावले. मग वार विचारला, गाव विचारले, कागदावर घड्याळ काढायला लावले. काटे वाकडे आले, पण आले. ते तीन शब्द पुन्हा विचारले, तेव्हा दोन आठवले. मी श्वास सोडला.

"आजी, तुमच्यासोबत आलेत ते कोण?"

"आमचं मालक हायत की."

"त्यांचं नाव?"

तिने पदर सावरला आणि खाली पाहिले.

"आमच्यात नाव घेत नाहीत," मी म्हणालो. तिचे माहेर शाहूवाडीकडचे. तिथे ही रीत कडक. लग्नानंतर तिने माझे नाव उच्चारले ते केवळ उखाण्यात.

"मग उखाणाच घ्या," डॉक्टर म्हणाली.

बाकांवरच्या बायका सरसावल्या. "घे की गं! आता म्हाताऱ्याला कसली लाजतीस?"

उखाणा तिच्या लग्नातलाच होता. यमकही जागच्या जागी होते. नावाशी येऊन मात्र ती थांबली आणि तिने ओठांवर पदर धरला. सगळ्या हसल्या. डॉक्टरही हसली आणि तिने त्या प्रश्नाचा गुण देऊन टाकला.

ती लाजली की अडली, हे मला कळले नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर कळायला हवे होते.

परतताना रिक्षात विचारले, "माझं नाव ठावं हाय न्हवं?"

"असलं काय इचारताय? ठावं न्हाय व्हय?"

"मग सांग."

"ह्या रिक्षावाल्याम्होरं?"

"आज्जी, मी कान झाकतो की," रिक्षावाला म्हणाला.

"तू म्होरं बघ. हँडल धर गप."

घरी आल्यावर मी दार लावून घेतले. "आता कोण न्हाय. एकदाच सांग."

तिने सरळ माझ्याकडे पाहिले. या वेळी लाजली नाही. मग हळू आवाजात म्हणाली,

"तुमीच सांगा की."

मी सांगितले नाही. पुन्हा विचारलेही नाही. ती चहा ठेवायला आत गेली. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. एक डबा उघडला, लावला. मग दुसरा. मग तिसरा.