द्राक्षासव नव्हे, व्हिस्की

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमच्या वेळी एक पद्धत होती. कुणावर काही संकट आलं की शेजारी आधी चहा पीत आणि मग विचारत, "किसको फोन करना है?" प्रत्येकाची कुठे ना कुठे ओळख असायचीच. कुणाचा साडू पोलिसात, तर कुणाचा बॅचमेट मंत्रालयात. गॅसच्या सिलिंडरपासून शाळेच्या प्रवेशापर्यंत सगळं फोनवर हलायचं. आमच्या घरालाही त्याचं वावडं नव्हतं, उगाच सोवळेपणाचा आव कशाला आणू?

धुळवडीच्या दिवशी पोलिसांनी बाबांना पकडलं तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या सीटवर होते. कॉलेजात होते मी तेव्हा. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या नोएडाला मावशीकडे पोचवायच्या होत्या. निघण्याआधी बाबा समोरच्या अंकलच्या गच्चीवर रंग खेळून आले होते, आणि रंगाबरोबर व्हिस्कीही झाली होती. एरवी पिणारा माणूस नव्हे, त्यामुळे आपल्याला चढलीय हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. वाटेत भर दुपारी नाकाबंदी होती. शिपायाने यंत्र तोंडापुढे धरलं आणि बाबांनी आज्ञाधारकपणे फुंकर मारली. झालं. गाडी जप्त झाली, लायसन्स त्यांनी ठेवून घेतलं आणि हातात कोर्टाचं चलान आलं. सणाच्या दिवशी ऑटो मिळेना. रंगलेल्या तोंडांनी आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

खरी पंचाईत पुढे होती. बाबांची बढती अगदी तोंडावर आली होती. बढती म्हणजे मोठं क्वार्टर, आणि आई त्या क्वार्टरमधल्या जास्तीच्या खोलीत मनाने केव्हाच राहायला गेली होती. पण कोर्टात शिक्षा झाली तर सरकारी नोकराला ती साहेबाला कळवावी लागते, आणि कळवली की बढती अडकणार हे कॉलनीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

संध्याकाळी अंकल आले ते ओळखीच्या वकिलाला घेऊनच. या वकिलाला जगात कशाचीच अडचण वाटत नसावी. त्याने तोडगा काढला की बाबांनी खोकल्यासाठी द्राक्षासव घेतलं होतं असं सांगायचं. "आयुर्वेदिक में भी अल्कोहल होता है, भाईसाहब. बिल्कुल छूट जाओगे." बाकीचं अंकल फोनवर बघणार होते. बाबा "अच्छा" म्हणाले. आईनेही मान डोलावली.

तारखेला आम्ही तिघं कोर्टात गेलो. मॅजिस्ट्रेटबाई बाबांपेक्षा वयाने बऱ्याच लहान होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "क्या पिया था?"

वकील हळूच खाकरला.

"व्हिस्की, मैडम," बाबा म्हणाले.

आता त्यांनी वर बघितलं. "गाड़ी में साथ कौन था?"

"मेरी बेटी."

दंड झाला, लायसन्स काही महिन्यांसाठी गेलं, आणि वर कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे दिवसाचं कामकाज संपेपर्यंत तिथेच मागच्या बाकावर बसून राहायचं. ऐकायला शाळेतली शिक्षा वाटते. पण इस्त्रीचा शर्ट घालून आलेला पन्नाशीचा माणूस येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरा झेलत तिथे बसतो तेव्हा बघवत नाही. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दुपारी शिपाई म्हणाला, "माताजी, आप तो जा सकती हैं." ती म्हणाली, "पता है, भैया," आणि तशीच बसून राहिली. मला त्या दोघांचा फार अभिमान वाटला.

"अहो, द्राक्षासव ठरलं होतं ना?" थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं.

"अगं, ते तुझ्या आईचं औषध. त्याचं नाव कशाला खराब करू?"

आई हसली. मग बाबांचा आवाज उतरला. "पोरगी गाडीत होती गं. तिला काही झालं असतं तर कुणाला फोन केला असता मी?"

दुसऱ्याच दिवशी बाबांनी स्वतः जाऊन साहेबाला सगळं सांगितलं. व्हायचं तेच झालं, बढती गेली. ज्याला त्यांनी काम शिकवलं होतं तो त्यांचा साहेब झाला, आणि बाबा त्याला तोंड वाकडं न करता 'सर' म्हणू लागले. हे मला जमलं नसतं. आम्ही त्याच दोन खोल्यांत राहिलो.

अंकल बाबांना 'सीधे आदमी' म्हणत, म्हणजे बावळट. एकदा ते आईसमोरच म्हणाले, "भाभीजी, ज़रा सी बात थी. भाईसाहब ने आपका बड़ा क्वार्टर गँवा दिया."

आईने त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला. "हाँ, गँवा तो दिया," ती म्हणाली. "पर अब बेटी उनके साथ निकलती है, तो मैं आराम से सो जाती हूँ."